चांगुणाबायचं आवतण

मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत लोकांचं सगळं माझ्या हाताखालून जातं, त्यामुळे कोणाच्या घरात काय शिजतंय ते मला न विचारता कळतं. ही काही फार चांगली गोष्ट आहे असं माझं म्हणणं नाही. पण गेल्या फेब्रुवारीत नाथाशेठ एक कागद घेऊन माझ्या दुकानात आले नसते, तर चांगुणाबायची ही हकिकत मला सांगता आली नसती.

चांगुणाबाय आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहते. वय सत्तरच्या आसपास. तिच्या आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे, म्हणजे खरी कोणालाच माहीत नाही. माहेर पेणकडचं, जातीनं आगरी. नवरा भाईंदरच्या मिठागरात होता, मिठागर सुटल्यावर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायला लागला आणि छातीच्या दुखण्यानं गेला. मुलगा रोशन तेव्हा आठवीत होता. बाईनं परात पुढे ओढली आणि तांदळाच्या भाकऱ्या ऑर्डरवर करायला लागली. आजही मिरा रोडला कोणाकडे हळद, साखरपुडा, बारसं असलं की भाकऱ्या चांगुणाबायच्याच. रोशन आता पंचेचाळिशीला आलाय, टेम्पो चालवतो आणि आईच्या भाकऱ्या पोचवतो. त्याची बायको रुचिता एका डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे.

पण भाकऱ्या हे तिचं पोट. तिचा मान वेगळा. ती धवलारीण आहे.

मी रत्नागिरीची, लांज्याची. आमच्याकडे हे नाही, म्हणून मलाही ते इथे येऊन समजलं. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढे प्रत्येक विधीला धवला गातात. तो गाणारी बाई ती धवलारीण. पुस्तक नाही, वही नाही. चांगुणाबायला सही करतानाही घाम फुटतो, पण तीन-तीन तास ती न अडखळता गाते. नऊ वर्षांची असल्यापासून ती आत्याच्या पाठीमागे बसून शिकली. हळदीला ती आधी देवांना आवतण देते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, मग जिवंत माणसांना, वयाप्रमाणे. ज्या बाईचं नाव गाण्यात आलं तिनं उठायचं आणि नवरीला हळद लावायची. ती उठेपर्यंत धवलारीण तीच ओळ घोळवत राहते, पुढे जात नाही. आणि एकदा सुरू झालेला धवला अर्धवट सोडणं म्हणजे मोठा अपशकुन. मधे बोलायचं नाही, मधे थांबायचं नाही.

धवलारीण विधवा असली तरी चालते. तिचा आवाज शुभ, हात मात्र अशुभ, असा हा न्याय. मी एकदा तिला म्हटलंही, "मावशी, हा कुठला प्रकार?" तिनं मशेरी लावलेलं बोट तोंडातून काढलं आणि म्हणाली, "तू तुजा झेराक्स कर."

बाई तशी तोंडाची फटकळ. पण तिच्या ओट्यापाशी बायका येऊन बसतात त्या काही भाकऱ्यांसाठीच नाही. राई-मुर्ध्यापासून वसईपर्यंत जिथे हळद असेल तिथली एखादी सून आधीच गुपचूप येऊन जाते आणि सांगते, "मावशी, माझं एवढं गाण्यात घाला." धवल्याच्या शेवटी चेष्टेची गाणी असतात. तिथे व्याह्याला, जावयाला, दिराला काहीही म्हटलेलं चालतं, कोणी रागवायचं नाही. मुर्ध्याच्या एका हळदीत तिनं एका जावयाला गाण्यातून विचारलं होतं, की तुझ्या दाराची कडी आतून लागते ती तुझ्याच हातून उघडेना का, बायको रात्रभर बाहेर जिन्यावर कशी? दोनशे माणसं हसली. जावई न जेवता गेला. पण त्यानंतर त्या पोरीला कधी जिन्यावर बसावं लागलं नाही, कारण चार गावांत ते गाणं झालं होतं. पोलिसांत जाऊन जे झालं नसतं ते दोन ओळींनी झालं, असं रुचिता सांगते. मी त्या हळदीला नव्हते, याची मला आजही चुटपुट आहे.

तर नाथाशेठ. हे पूनम सागरला राहतात, त्यांचा बिल्डिंग मटेरियलचा धंदा आहे, आणि भावकीत त्यांचा शब्द चालतो. त्यांचा धाकटा भाऊ काशीनाथ चौदा वर्षांपूर्वी गेला. काशीनाथची बायको आशा, आणि मुलगी संजना. त्या संजनाचं लग्न ठरलं होतं. नाथाशेठनी कागद माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, जरा मोठ्या अक्षरात टाइप करून द्या. हळदीचा मान कोणाकोणाचा त्याची लिस्ट आहे. धवलारणीला द्यायचीय."

पाच नावं होती. पहिलं त्यांच्या बायकोचं, मग दोन मेहुण्या, मग दोन सुना. मी टाइप करता करता विचारलं, "आशाचं नाव राहिलं का?"

"राहिलं नाही. तिचा हात कसा लागेल? पोरीच्या संसाराचा सवाल आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "मला काय आनंद आहे का, मॅडम? रिवाज आहे. ती पुढे आली तर भावकी उठून जाईल. मीच उठेन पहिला."

माझा नवरा जिवंत आहे, घरी बसून मॅच बघतो, त्यामुळे मला कुठेही हळद लावायला बोलावतात. त्यात माझी काय कर्तबगारी आहे हे मला आजवर कळलेलं नाही. मला इतका संताप आला की कीबोर्डवर बोटं आपटत होती. पण मी काय केलं? यादी टाइप केली, दोन कॉपी काढल्या आणि "थँक यू" म्हटलं. गिऱ्हाईकासमोर माझं तोंड असंच बंद पडतं. एक तिसरी कॉपी मात्र मी स्वतःसाठी काढली आणि दुकानाला अर्धं शटर लावून चांगुणाबायकडे गेले.

तिथे आशा आधीच बसलेली. भाकऱ्यांची ऑर्डर सांगायला आली होती. आशा म्हणजे कमी बोलणारी बाई. नवरा गेल्यावर तिनं घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवले, डोळ्यांना चष्मा लागेपर्यंत, आणि संजनाला लॅब टेक्निशियन केलं. त्यातला एकही रुपया नाथाशेठकडे मागितला नाही. म्हणून तर त्यांचा तिच्यावर जास्त राग असावा, असा माझा अंदाज आहे.

"मावशी, एक सांगायचं होतं," आशा म्हणाली. "हळदीला माझं नाव घेऊ नका. मी आत बसेन. भाऊजींनी यादी दिलीय, त्याप्रमाणेच गा."

चांगुणाबाय भाकरी थापत होती. "संजनी काय बोलली?"

"ती भांडली त्यांच्याशी. म्हणाली, आईनं लावली नाही तर कोणाचीच लावून घेणार नाही. मीच तिला गप्प केलं. भावकी उठून गेली तर बाहेर काय बोलतील? जन्मभर त्या पोरीला ऐकवतील, तुझ्या हळदीला मांडव रिकामा झाला म्हणून. माझ्यापायी नको."

"ता सगला ऱ्हाऊ दे. तुना लावाची हाय का न्हाय?"

आशानं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "चौदा वर्षं तिच्या केसांना तेल मीच लावलंय, मावशी." एवढं बोलून ती उठली आणि चपला घालून गेली. ऑर्डर किती भाकऱ्यांची ते सांगायचंही विसरली.

मी माझ्याकडची यादी पुढे केली. चांगुणाबाय म्हणाली, "वाच." मी वाचली. तिनं हात धुतले.

"यान म्हातारीचा पन नाव न्हाय."

म्हातारी म्हणजे नाथाशेठची आई, नागूबाय. ऐंशीच्या पुढची. तिचा नवरा पोशीराम नाथाशेठच्या लग्नाआधीच गेला होता. म्हणजे घरातल्या दोन आया, आणि यादीत दोन्ही नाहीत. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही नाही म्हणून सांगा ना. गाणारच नाही म्हणा."

"मी न्हाय गायली तं दुसरी गाईल. न्हायतं मोबाइल लावतील." तिनं माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि शेगडीच्या हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. टेबल हलायचं थांबलं. "माजी यादी माजे आतेनं दिलेली हाय. तीच गाईन."

एवढं म्हणून ती पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. मला हळदीच्या दिवसापर्यंत नीट झोप लागली नाही.

हळद पूनम सागरच्या बिल्डिंगच्या आवारातच होती. दहाच्या आत स्पीकर बंद करावा लागतो म्हणून सगळं पाच वाजताच सुरू झालं. मांडव भरलेला, डीजेवाला हात बांधून उभा. नाथाशेठनी चांगुणाबायला छापील यादी दिली. तिनं ती घेतली आणि मांडीखाली ठेवली. संजना पाटावर बसली होती. एकदा पाटावर बसलं की हळद पुरी होईपर्यंत नवरीनं उठायचं नाही, त्यामुळे ती नुसती सोसायटीच्या ऑफिसच्या दाराकडे बघत होती. आशा त्या ऑफिसात बसून वाटीवाटीत हळद काढून देत होती. वाटी दारापर्यंत यायची आणि तिथून दुसरी कोणीतरी घेऊन जायची.

चांगुणाबायनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं आवतण गावदेवीला.

*पयला आवतान गावदेवी आयला गो,*
*येशील मांडवान हलदीचे येलंला गो.*

भोवतीच्या बायका ओळ उचलत होत्या. तिचा आवाज गोड नाही. थोडा फाटका आहे, पण तो लांबून येतो आणि माणसं बोलायची थांबतात. मग देवांच्या जोड्या आल्या. आगऱ्यांच्या धवल्यात देव एकटा येत नाही, बायकोला घेऊन येतो.

*म्हादेव देवा, एकला नको येव गो,*
*गिरजेला हाताशी धरून येव गो.*

असे पाच-सात देव झाले. मग पितर, म्हणजे घरातली गेलेली माणसं. त्यांना एकेकट्याला बोलावतात. नाव घ्यायचं, पाटासमोर तांदळाची चिमूट टाकायची, पुढे जायचं. चांगुणाबायनं चिमूट उचलली.

*पोशीराम बाबा, नातीचे हलदीला येव गो,*
*एकला नको येव, नागूला घेवून येव गो.*

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. बायकांनी सवयीनं ओळ उचललीसुद्धा. मग शेवटच्या शब्दापाशी चार-सहा जणी अडखळल्या. चांगुणाबाय अडखळली नाही. तिनं तीच ओळ पुन्हा धरली. देवाला जोडीनं बोलावतात तर बाबाला का नाही? आणि बाबा मांडवात आला म्हटल्यावर त्याची बायको रांडव कशी? हे सगळं मला घरी गेल्यावर उलगडलं. तिथे मी नुसती नाथाशेठकडे बघत होते.

नाथाशेठ गर्दीतून पुढे आले. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "चांगुणाबाय, यादी. यादीप्रमाणे." धवला चालू असताना बोलायचं नसतं, त्यामुळे तिला उत्तर द्यायचं कारणच नव्हतं. तिनं ओळ तिसऱ्यांदा गायली. नाथाशेठनी डीजेवाल्याकडे बघून हात वर केला. तेवढ्यात भावकीतलेच एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "नाथा, काय करतोस? धवला मोडायचाय का?" नाथाशेठचा हात तसाच राहिला. जो माणूस एका अपशकुनाला भितो तो दुसऱ्यालाही भिणारच. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आणि मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मागच्या खुर्च्यांमधून नागूबाय उठली. काठी टेकत, कोणाचा हात न धरता, ती पाटापर्यंत आली. नाथाशेठ मधेच उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"नाथा, तुजे हलदीला मी मोरीजवल बसून भांडी घासली. तुना म्हाईत हाय?"

नाथाशेठनी वर केलेला हात खाली आणला.

"आज तुजे बापानं बोलवलाय मना. तू मधी येव नको."

पन्नाशी ओलांडलेला तो माणूस बाजूला झाला. नुसता बाजूला झाला नाही, म्हातारीला वाकता येईना तेव्हा त्यानंच तिला कोपराला धरून खाली बसवलं. नागूबायनं नातीच्या गालांना हळद लावली.  भावकीतलं कोणी उठलं नाही. कोणासाठी उठणार? ती त्या सगळ्यांचीच काकी नाहीतर आजी होती.

मला वाटलं, झालं. आता सुटलो. चांगुणाबायनं दुसरी चिमूट टाकली.

*काशीनाथ दादा, लेकीचे हलदीला येव गो,*
*एकला नको येव, आशाला घेवून येव गो.*

सगळ्यांनी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. दारात कोणी आलं नाही.

ओळ दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा झाली. बायकांनी आता ती नीट धरली होती, चाळीस-पन्नास गळे होते, त्यामुळे आत ऐकू गेलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. नाथाशेठ आपल्या आईजवळ खाली मान घालून उभे होते. ते आता अडवत नव्हते. पाचव्यांदा ओळ झाली तशी मी उठले आणि आत गेले.

आशा टेबलापाशी उभी होती. समोर आठ वाट्या हळदीनं भरलेल्या होत्या आणि ती नवव्या वाटीत हळद काढत होती, जिची कोणालाही गरज नव्हती.

"आशा, चल."

"मी नाही म्हणून सांगितलं होतं त्यांना."

"अगं, नाथाशेठ गप्प झालेत. सासूबाईंनी लावली. कोणी उठलं नाही. सगळे थांबलेत तुझ्यासाठी."

"आणि उद्या तिला काही झालं तर?" आशा माझ्याकडे बघून म्हणाली. "ताई, उद्या जावयाला साधा ताप आला तरी म्हणतील, हिचा हात लागला होता. दुसऱ्यांनी म्हटलं तर मी ऐकून घेईन हो. पण मलाच वाटलं तर?"

 मी चार पुस्तकं वाचलेली बाई, एरवी बडबड करते, पण त्या वेळी मी तिच्या हातातली वाटी नुसती काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. बाहेर ओळ सातव्यांदा झाली, आठव्यांदा झाली. चांगुणाबायचा घसा बसायला लागला होता. नवव्या वेळेला तिचा आवाज मधेच तुटला आणि बायकांनी ओळ पुरी केली.  मी दारातून पाहिलं. तिनं एक श्वास घेतला आणि ओळ बदलली. हे तिच्या आत्यानं शिकवलेलं नव्हतं. तिथल्या एकाही बाईनं ते आधी ऐकलेलं नव्हतं.

*माजे लेकाचे हलदीला सगल्यांना बोलवला गो,*
*माजाच नाव मी माजे तोंडान गिलला गो.*

ही ओळ उचलायला कोणी नव्हतं. ती एकटीच गात होती.

*कोनी नव्हता अडवला, मीच मना भ्यायली गो,*
*आशाबाय, भिव नको, येव तू बाहेर गो.*

रोशन नुकताच भाकऱ्यांच्या टोपल्या घेऊन आला होता. एक टोपली टेम्पोतून उतरवून डोक्यावर घेतली होती, ती तशीच घेऊन तो मांडवाच्या कडेला उभा राहिला. रुचितानं तोंडाला पदर लावला होता. चांगुणाबाय कोणाकडेच बघत नव्हती, तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

माझ्या पाठीमागे नळाचा आवाज आला. आशा बेसिनपाशी हात धूत होती. साबण लावून धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले, पदराला पुसले. मग तिनं एक वाटी उचलली आणि माझ्या बाजूनं दाराबाहेर गेली.

मांडवातल्या बायकांनी वाट करून दिली. आशा पाटासमोर बसली. संजनाच्या कपाळाला, गालांना, हातांना, पायांना तिनं हळद लावली. घाई केली नाही. दोन्ही तळवे भरून केसांच्या मुळापर्यंत लावली.

"मला वाटलं तू येतच नाहीस," संजना म्हणाली.

"वाट्या भरत होते," आशा म्हणाली.

संजना रडायला लागली आणि डोळ्यांत हळद गेली म्हणून मग हसायलाही लागली. कोणीतरी ओला रुमाल आणला. माझ्या शेजारी बसलेली एक बाई, जिला मी ओळखतही नव्हते, माझा हात घट्ट धरून बसली होती. तिनं तो सोडला तेव्हा माझी बोटं बधिर झाली होती. सगळा मांडवच सैल पडल्यासारखा झाला. लोक खोकले, खुर्च्या सरकल्या, मुलं पुन्हा धावायला लागली. चांगुणाबायनं पाण्याचा एक घोटही न घेता पुढचं नाव घेतलं, ते नाथाशेठच्या बायकोचं. ती बिचारी इतक्या तातडीनं उठली, जणू आपलं नाव राहून जाईल याचीच तिला धास्ती होती. मग मेहुण्या, मग सुना. यादीतल्या पाचही जणी झाल्या, एकही गाळली नाही. यादीच्या बाहेरच्या अकरा झाल्या. त्यात तीन विधवा होत्या. त्यांना उठताना कोणी पाहिलं न पाहिलं, एवढं ते सहज झालं.

भावकी उठून जाणार होती ती उठलीच, पण जेवणाच्या रांगेत. नाथाशेठ आईसाठी ताट घेऊन आले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आशाशी ते बोलले नाहीत. पण जेवण झाल्यावर त्यांनी डीजेवाल्याला सांगितलं, "पहिले ये औरतों को पूछ, कौनसा गाना चाहिए." एवढ्यावर मी त्यांना माफ केलं असं नाही. दुकानात आले की अजूनही मी त्यांना जरा थांबवूनच ठेवते.

धवला संपला तेव्हा चांगुणाबायचा आवाज पार गेला होता. ती मांडवाच्या खांबाला टेकून पाणी पीत होती. आशा तिच्याजवळ येऊन बसली होती, वाटी अजून हातातच.  तेवढ्यात रोशन आला आणि आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. सहा फूट उंच माणूस, डोक्यावर टक्कल, टेम्पोचालकाचा खाकी शर्ट.

"मला वाटायचं, तू गात होतीस म्हणून उठली नाहीस," तो म्हणाला. "वीस वर्षं मला तसंच वाटत होतं."

चांगुणाबायनं इकडेतिकडे पाहिलं. "ऊठ," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "लोका बघतान."

"बघू दे."

"तुजा लगीन झाला रं. पोरगी कॉलेजला हाय तुजी."

"आई, लाव."

 चांगुणाबायनं आशाच्या हातातल्या वाटीत बोटं बुडवली. आधी दोन्ही गालांना लावली, मग कपाळाला. मध्ये अडवायला केस नव्हते, त्यामुळे हात तसाच वर गेला आणि सगळ्या टकलावरून फिरला. रुचिता हसत होती, डोळेही पुसत होती. रोशन मान खाली घालून बसला होता. चांगुणाबाय त्याच्या मानेला, कानांमागे, हातांना लावत राहिली, आणि वाटी संपली तशी आशा उठून आतून उरलेल्या आठही वाट्या घेऊन आली.